गोड लाईन

आप्पांचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही, हा फडतऱ्यांच्या घरातला एकमेव कायदा होता. बाकी सगळं चालायचं. जेवताना मोबाईल बघितलेला चालायचा, परीक्षेत नापास होणंसुद्धा दोन दिवसांच्या अबोल्यावर भागायचं. पण आप्पांचा शब्द ओठांशी अडला आणि कुणी मध्येच "पंप म्हणायचंय ना?" असं करून तो उचलून दिला, की आई डोळे वटारायची. "थांब. येतंय त्यांचं," एवढंच म्हणायची. मग सगळे थांबायचे. दोन सेकंद, पाच सेकंद, कधी दहा. शब्द यायचा आणि तो आप्पांचा स्वतःचा असायचा.

दिनकर फडतरे, म्हणजे आप्पा, मोटार वाइंडिंगचं दुकान चालवायचे. चिलारवाडीत हा धंदा जरा कमीपणाचाच, कारण सातारच्या पूर्वेचं ते गाव फौजींचं. वेशीवर मोठा दगड, दगडावर नावं. ज्या घराचं नाव त्यावर नाही त्या घराची सोयरीकही चार प्रश्न जास्त विचारून व्हायची. एकोणिसाव्या वर्षी आप्पाही भरतीला गेले होते. धावण्यात पहिले आले, छाती मोजून दिली, आणि शेवटच्या टेबलावर साहेबानं नाव विचारलं तेव्हा नावच येईना. मागच्या पोरानं ते सांगून टाकलं. "स्वतःचं नाव घेता येत नाही, हा पहाऱ्यावर काय ओरडणार?" असं म्हणून साहेब हसला, रांग हसली आणि आप्पा एस्टीनं परत आले. घरातला कायदा त्या दिवसाचा.

म्हणून त्यांचा एकुलता मुलगा इंद्रजित द्वीपरक्षक दलात निघाला, तेव्हा आप्पांनी दुकान तीन दिवस बंद ठेवलं.

चिलारवाडीची एक रीत आहे. भरतीला निघालेल्या पोराला गावातला जुना फौजी जामीन राहतो. कोर्टातला जामीन नव्हे, अंगणातला. तो पोराचा हात धरून आईबापांसमोर उभा राहतो आणि चारचौघांत शब्द देतो. इंद्रजितला जामीन राहिले सुभेदार प्रल्हाद कणसे. उंचापुरा माणूस, मिशी राखलेली, बोलणं असं की ऐकणाऱ्यानं शेत लिहून द्यावं.

"दिनकरराव, पोरगं आजपास्नं माझ्या पदरात," कणसे म्हणाले. "त्याला माघारी आणायचं काम माझं. तुम्ही नुसतं 'ये' म्हणा, चार दिवसांत तुमच्या दारात उभा करतो. मंग मधी समुद्र असू दे न्हाईतर लढाई."

आप्पांनी हात जोडले. "ते... ते..." शब्द अडला. सगळं अंगण थांबलं, कणसेही थांबले. "तेवढं बास," आप्पा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

०

द्वीपरक्षक दलाचं काम पाण्यातून जेमतेम डोकं वर काढलेल्या खडकांवर. एकेका खडकावर एक रडार, एक पाण्याची टाकी आणि बारा-पंधरा माणसं. देशानं दहा वर्षांत असे एकवीस खडक राखायला घेतले आणि मग लक्षात आलं, की खडक भरपूर आहेत, माणसं नाहीत. ज्या मैदानांवर एके काळी हजारो पोरं भरतीला लोटायची, तिथं आता खुर्च्या जास्त आणि पोरं कमी. घरटी एक मूल. ते कोण समुद्रात पाठवणार? शिवाय जी येत, ती चार वर्षांचा पहिला करार संपला की निघून जात. रडारवर हात बसायलाच अडीच वर्षं लागायची. हात बसला, की माणूस घरी.

का जातात, याची पाहणी झाली. जेवण ठीक होतं, पगार ठीक होता, भीती तर कुणी बोलूनच दाखवत नसे. कारण निघालं घरचा फोन. आईनं रडत फोन ठेवला, की तीन आठवड्यांत पोराचा अर्ज यायचा.

आता हे फोन कसे व्हायचे, ते सांगायला हवं. त्या खडकांवर साधा मोबाईल चालत नसे, चालला तरी जमा करून घेत. शत्रू लहरी अडवायचा, त्यामुळे निरोप जाण्यासाठी उरलेली वाट फार चिंचोळी होती. तिच्यातून माणसाचा आवाज मावत नसे. मग 'पडसाद' नावाचं यंत्र आलं. ते आवाज पाठवतच नसे. बोलणाऱ्यानं काय म्हटलं आणि कुठल्या सुरात म्हटलं, एवढा गोषवारा काढून ते पलीकडे पाठवी. पलीकडच्या यंत्राला त्या माणसाचा आवाज आधीच शिकवलेला असे. ते गोषवाऱ्यावरून त्याच आवाजात वाक्य पुन्हा तयार करून बोलून दाखवी. ऐकणाऱ्याला वाटे, आईच बोलतेय. आणि एका अर्थानं आईच बोलत असे.

पण एकदा वाक्य यंत्रानंच तयार करायचं ठरल्यावर ते थोडं मऊ करायला काय हरकत आहे, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मुख्य तळावर 'टिकाव कक्ष' उघडला. तिथल्या पडद्यावर प्रत्येक घराच्या नावापुढं एक सरकती पट्टी आली, शून्य ते नऊ. शून्यावर बोलणं जसंच्या तसं. तीनवर रडणं निघून जाई. सातवर 'ताप उतरत नाही' याचं 'जरा कणकण आहे' होई. नऊवर काय होई, ते पुढं येईलच. दोन्हीकडून होई, हे महत्त्वाचं. पोरालाही घर गोड लागे आणि घरालाही पोरगा.

जाणाऱ्यांचा आकडा दोन वर्षांत निम्म्याच्या खाली आला. टिकाव कक्षाच्या प्रमुखाचा सत्कार झाला. प्रमुख होते सुभेदार प्रल्हाद कणसे.

०

इंद्रजित खडकावर गेला आणि पहिल्याच फोनला आप्पा न अडखळता बोलले.

"जेवलास का? हवा कशी आहे?" सरळ, वाहत्या पाण्यासारखं. इंद्रजितच्या अंगावर काटा आला. बरं वाटलं त्याला. शहरातल्या त्या डॉक्टरणीकडं जायला लागले असतील, असं त्याच्या मनात आलं. "आप्पा, तुम्ही अडखळत नाही आता!" तो ओरडलाच. पलीकडून आप्पा हसून म्हणाले, "आपलं चाललंय बरं." तो जे म्हणाला ते पलीकडं पोचलंच नव्हतं, हे त्याला कसं कळणार? चार वर्षं तो त्या सरळ बोलण्यावर खूश होता. आपल्या बापाचा शब्द दुसरंच कुणीतरी पुरा करतंय, ही गोष्ट त्या कायद्याच्या घरात जन्मलेल्या पोराच्या ध्यानात यायला हवी होती. ती आली नाही. पुढं त्यानं स्वतःला याबद्दल कधी माफ केलं नाही.

करार संपायच्या आदल्या आठवड्यात त्यानं विचारलं, "आप्पा, पुढच्या सहा वर्षांची सही करू का? का येऊ घरी?"

"कर की सही," आप्पा म्हणाले. "माझी काळजी करू नकोस. सावकाश ये."

त्यानं सही केली. त्यानंतर त्या खडकावरचं पडसाद यंत्र बिघडलं आणि घरचे फोन बंद झाले. सत्तराव्या दिवशी आप्पा गेल्याचा सरकारी निरोप आला. बोट मिळून, गाडी मिळून तो चिलारवाडीत पोचला तो दहाव्याच्या दिवशी. नदीवरनं परतणारी माणसं त्याच्याकडं न बघता बाजूनं गेली.

आई ओट्यावर बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"चार महिनं सांगत हुते त्ये तुला, माझं काय खरं न्हाई म्हणून," ती म्हणाली. "शेवटच्या फोनला तर 'ये' म्हणाले. किती येळ लागला त्यो शब्द काढायला, मी हात धरून बसले हुते. आन् तू काय म्हणालास? 'बरं आप्पा, लवकरच येतो.' रोज दारात खुर्ची टाकून बसायचे रं. एस्टी थांबली की उठून बघायचे. त्या खुर्चीतच गेले."

"आई, मी येतो म्हणालोच नाही! मी म्हणालो सही करतो."

"मंग मी भैरी हाय का?"

तिच्या लेखी तो खोटारडा होता. गावाच्या लेखी त्याहून वाईट. कणसे सांत्वनाला आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिनकरराव देवमाणूस. तू आता माझ्याजवळ तळावर ये. तुझा हात तारांवर चांगला आहे. कक्षात काम देतो." इंद्रजितनं त्या वेळी त्यांचे पाय धरले. ती आठवण पुढं त्याला रोज जाळत राहिली.

०

कक्षात रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यानं स्वतःच्या घराची नोंद उघडली. 'फडतरे दिनकर. पातळी नऊ. कारण: सहीपूर्व तीन महिने.' खाली मंजुरीची आद्याक्षरं होती. प्र. क.

घरून तळापर्यंत साध्या फोननं येणारा मूळ आवाज वर्षभर साठवून ठेवत, हेरगिरीच्या तपासासाठी. त्यानं शेवटचा फोन लावला. पहिल्यांदा आईची कुजबुज, मग आप्पांचा श्वास. "इं... इंद्र... माझं काही... खरं नाही. सही न... नको." मग एक शब्द अडला. ओठ मिटल्याचा बारीक आवाज, घशातली घरघर, आणि पुढं नुसती शांतता. बाजूच्या तक्त्यात यंत्रानं लिहिलं होतं, 'अकरा सेकंद विराम. आशय अपूर्ण. वाक्य पूर्ण केले.' इंद्रजितनं चौथ्या सेकंदालाच कानावरचा हेडफोन काढून फेकला. पुढचा शब्द कुठला ते आईनं सांगितलंच होतं. तो ऐकायची त्याची छाती झाली नाही.

त्या दिवसापासून तो शांत झाला. लोकांना वाटलं, पोरगा सावरला. तो सावरला नव्हता, दबा धरून बसला होता. तक्रार कुणाकडं करायची? जे झालं ते सगळं नियमात होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला न्याय नकोच होता. त्याला कणशांना दारात खुर्ची टाकून बसलेलं बघायचं होतं.

संधी कणशांनीच आणून दिली. त्यांची लेक शर्वरी दलात होती, अठरा नंबरच्या खडकावर. तिला जामीन ते स्वतःच राहिले होते. गावातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, कारण बापानं बापालाच शब्द देण्यात काय अर्थ? पण भरतीच्या मेळाव्यात दाखवायला ते चित्र झकास होतं. तिचा करार संपायला आठ महिने उरले होते, तेव्हा कणसे इंद्रजितच्या टेबलाशी आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "शर्वरीची लाईन आजपासून तुझ्याकडं आहे. ती शून्यावर ठेव. मला माझी लेक जशी आहे तशी ऐकू आली पाहिजे."

"होय साहेब," इंद्रजित म्हणाला.

ते वळले आणि त्यानं पट्टी सातवर सरकवली. लोकांच्या लेकरांची नऊवर आणि स्वतःच्या लेकीची शून्यावर! त्याला हसूच आलं.

०

दर बुधवारी दुपारी शर्वरीचा फोन यायचा. आधी ती त्याच्याशी बोलायची, कारण लाईन तोच जोडायचा.

"दादा, मागच्या वेळी पप्पांना नीट ऐकू गेलं ना?"

"गेलं."

"मी कानाचं सांगितलं, तर ते शाब्बास म्हणाले."

"लाईन जोडतोय," इंद्रजित म्हणायचा.

मग तो दोन्ही बाजू ऐकायचा. त्याच्या उजव्या कानात शर्वरीचं खरं बोलणं असायचं. रडारच्या खोलीतला घूं घूं आवाज आता डोक्यात बसलाय, डाव्या कानानं ऐकू कमी येतंय, वैद्यकीय शिपाई नुसते थेंब देतो, झोप नाही. आणि डाव्या कानात कणसे जे ऐकत होते ते. यंत्र थोडं जास्तच घूं घूं करतं हो पप्पा, पण सवय झालीय. तीस पावलांवरच्या आपल्या खोलीत बसून कणसे छाती फुगवायचे. "वाघीण आहेस! शाब्बास!"

त्या मुलीचा काही दोष नव्हता. इंद्रजितला हे ठाऊक होतं. पहिल्या महिन्यात त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या महिन्यात जायला लागलं. मनात पट्टी शून्यावर आणायचा विचार आला, की तो दारातली खुर्ची आठवायचा. मग विचार जायचा. सूडाची एक सोय असते, ती माणसाला दुसरीकडं बघूच देत नाही.

बेत सरळ होता. सहीच्या आदल्या फोनला शर्वरी विचारणार, येऊ का? कणशांना ऐकू येणार, सही करू ना? ते म्हणणार, कर. सही झाली, की तिचं मूळ बोलणं त्यांच्या टेबलावर ठेवायचं, आणि पुढची सहा वर्षं त्यांनी ते ऐकत बसायचं.

०

तो दिवस उजाडला. सकाळीच कणसे पेढे घेऊन आले. परवा जिल्ह्याच्या ठिकाणी भरतीचा मोठा मेळावा होता, आणि तिथल्या पडद्यावर शर्वरी खडकावर उभी राहून सही करताना दिसणार होती. "चारशे पोरं उभी करतो बघ तिच्या एका सहीवर," ते म्हणाले. "घे, तोंड गोड कर." इंद्रजितनं पेढा घेतला आणि खणात ठेवला.

दुपारी लाईन आली.

"दादा," शर्वरीचा आवाज थकलेला होता. "आज मी त्यांना एकच विचारणार आहे. ये म्हणाले तर सही करणार नाही. कर म्हणाले तर करीन. मला स्वतःला आता काही ठरवता येत नाही. ते माझे जामीन आहेत, त्यांचा शब्द मी मानते."

इंद्रजितचं बोट पट्टीवर होतं. आज सात नको, नऊच लावायची होती.

आणि तिथं त्याच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. नऊवर ठेवली तर कणसे सुटणार. उद्या मूळ बोलणं ऐकून ते ऊर बडवतील, पण म्हणतील, 'मला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक असतं तर मी ये म्हटलं असतं.' जे इंद्रजित स्वतः रोज मनात म्हणत होता, तेच. त्या एका वाक्याच्या आधारावर तर तो जिवंत होता. तो आधार तो या माणसाला देणार नव्हता. ऐकू दे सगळं. ऐकून मग बोलू दे.

ते 'ये' म्हणाले तर? तर शर्वरी घरी येणार आणि त्याचा आठ महिन्यांचा सूड पाण्यात जाणार. त्याला हेही कळत होतं. आणि आतून कुठंतरी त्याला वाटत होतं, म्हणावं त्यांनी. एका तरी बापाचा तो शब्द पोचावा.

त्यानं पट्टी शून्यावर आणली आणि लाईन जोडली.

"पप्पा, उद्या कागद येतोय. मला सही नाही करायची." शर्वरी रडत होती, आणि तिचं रडणं पहिल्यांदाच तीस पावलं चालून कणशांच्या खोलीत गेलं. "माझा डावा कान गेलाय. पूर्ण. मी आठ महिने सांगतेय आणि तुम्ही म्हणता शाब्बास. का म्हणता शाब्बास?"

"शर्वरी? लाईनमधी कायतरी बिघाड..."

"लाईनचं सोडा. तुम्ही नुसतं ये म्हणा. एकदा म्हणा."

इंद्रजित मोजायला लागला. एक. दोन. तीन. अकरापर्यंत थांबायची त्याची तयारी होती.

चौथ्याला कणसे बोलले. "हे बघ बेटा, कानाचं आपण मोठ्या दवाखान्यात दाखवू. ते काय जात न्हाई कुठं. पण परवा अख्खा जिल्हा येणार हाय. सुभेदार कणशांची लेक सही करती, हे दाखवून मी पोरं मागणार. तूच पाय मागं घेतलास तर मी कुणाच्या अंगणात कुठल्या तोंडानं उभा राहू? जरा कळ काढ. सही कर. सहा वर्षं अशी जातील." एकही शब्द अडला नाही.

पलीकडचं रडणं थांबलं.

"दादा, तुम्ही आहात लाईनवर?" शर्वरीनं विचारलं.

मध्ये बोलायचं नाही, असा कक्षाचा नियम होता. इंद्रजितनं बटण दाबलं. "आहे."

"इथं सगळे म्हणतात, घरची लाईन गोड असते. तळावरून गोड करून देतात. खरं सांगा, आत्ता पातळी किती आहे?"

"शून्य," इंद्रजित म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

०

कणसे धावतच आले. टोपी नव्हती, चेहरा पांढरा पडलेला.

"फडतरे! काय केलंस तू?"

"तुमचा हुकूम पाळला साहेब. लेकीची लाईन शून्यावर ठेव, असं तुम्हीच म्हणाला होता."

"आणि आठ महिनं?"

"आठ महिने तुम्हाला सातवर ऐकवली. माझ्या आप्पांना नऊवर ऐकवली होती तुम्ही. खाली तुमची अक्षरं आहेत. आमच्या अंगणात हात धरून काय बोलला होता, आठवतंय?"

कणसे खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "इंद्रजित, बेटावर माणूस नसलं तर बेट जातं रं. कुणीतरी थांबायला पायजे. मला जर... मला आधी ठाऊक असतं तर..."

"आज ठाऊक होतं," इंद्रजित म्हणाला.

सुभेदार प्रल्हाद कणशांचा शब्द ओठांशी अडला. इंद्रजितनं त्यांना शब्द उचलून दिला नाही. नुसता बघत बसला.

शर्वरीनं सही केली नाही. तिनं आणखी एक केलं. तळावरच्या माणसानं पातळी सांगितली, ही गोष्ट तिनं खडकावर सगळ्यांना सांगितली, आणि पुरवठ्याच्या बोटीबरोबर ती बातमी एकवीसच्या एकवीस खडकांवर गेली. पुढच्या बुधवारी प्रत्येक फोनची सुरुवात एकाच प्रश्नानं झाली, पातळी किती? कक्षातल्या माणसांना उत्तर देता येईना. महिन्याभरात दीडशे जणांनी पुढची सही करणार नाही असं कळवलं. मेळाव्यात पडदा कोराच राहिला म्हणतात.

इंद्रजितची चौकशी झाली. ज्या दलानं त्याला आणखी सहा वर्षं बांधून घेतलं होतं, त्यानं त्याला दोन दिवसांत मोकळं केलं. निघताना त्यानं एकच गोष्ट चोरली, आप्पांच्या शेवटच्या फोनचा मूळ आवाज.

त्याच दिवशी शर्वरीची बोट लागली. धक्क्यावर कणसे पूर्ण गणवेशात उभे होते. ती उतरली, त्यांच्यासमोर आली, कुठल्याही सुभेदाराला ठोकावा तसा कडक सलाम ठोकला आणि पुढं निघाली. ते तिच्या मागं दोन पावलं गेले आणि थांबले. इंद्रजितला आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोटभर आनंद झाला. आप्पा, बघा, असं तो मनात म्हणालाही.

"तुम्ही दादा ना?" शर्वरी त्याच्यापाशी आली. तिनं मान किंचित वळवून उजवा कान पुढं केला होता. "तुम्ही बोललात म्हणून कळलं मला. एकच सांगा. आधीचे आठ महिने पातळी किती होती?"

कणशांनीच ठेवली होती, असं म्हटलं असतं तर तिनं डोळे झाकून मानलं असतं.

"सात," तो म्हणाला. "ते शून्यच म्हणाले होते. सातवर मी ठेवली."

तिचा चेहरा हळूहळू बदलला. "आठ महिन्यांपूर्वी माझा कान अर्धा चांगला होता," ती म्हणाली.

"माझे आप्पा..." इंद्रजित सांगू लागला. खुर्ची, एस्टी, नऊची पातळी, सगळंच त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडू लागलं. शर्वरीनं शांतपणे मान फिरवली, डावा कान त्याच्याकडं केला आणि समुद्राकडं बघत उभी राहिली. तो बोलायचा थांबला, तेव्हा तिनं पिशवी उचलली आणि ती गेली.

०

चिलारवाडीला तो दुपारच्या एस्टीनं उतरला. आई दारात उभी राहिली, पण 'आलास' म्हणाली नाही. आप्पांची खुर्ची अजून तिथंच होती. त्यानं ती आत घेतली, आईला तिच्यावर बसवलं आणि खिशातलं छोटं यंत्र तिच्या पुढ्यात ठेवलं.

"मी येतो म्हणालो नव्हतो आई. आणि आप्पा काय म्हणाले, ते माझ्यापर्यंत आलं नव्हतं. तू ऐक. मीही पुरतं ऐकलेलं नाही."

यंत्रातून पहिल्यांदा तिचीच कुजबुज आली. तिनं पदर तोंडाशी नेला. मग आप्पांचा श्वास. इं... इंद्र... माझं काही... खरं नाही. सही न... नको. मग ते मिटलेले ओठ आणि घरघर. दुसरा सेकंद गेला, तिसरा गेला. चौथ्याला इंद्रजितला सहन होईना. त्याचा हात बटणाकडं गेला, आणि तोंडातून निघालंच, "ये म्हणायचंय त्यांना..."

आईनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि डोळे वटारले.

"थांब," ती म्हणाली. "येतंय त्यांचं."

आणि दोघं थांबली.